सादळलेली खोली : हायड्रोपोनिक्सच्या खोलीतला दमटपणा कसा आवरायचा? (बडोदे)

सुरसागरकाठी | ११ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. पूर्वी ती सासूबाईंची पापड-लोणच्यांची कोठीची खोली होती. गेल्या दिवाळीनंतर मी तिथे एनएफटीचे पाइप मांडले (मातीशिवाय, खतं घातलेल्या पाण्याच्या पातळ धारेत रोपं वाढवायची पद्धत). तीन-तीन मजल्यांचे दोन रॅक, वर एलईडी, खाली ऐंशी लिटरची टाकी. तीनशेच्या आसपास रोपं : बहुतेक लेट्यूस, थोडी बेसिल. अलकापुरीतल्या दोन कॅफेंना आणि ओळखीच्या पंधरा-वीस घरांना माल जातो.

हिवाळा, उन्हाळा मजेत गेला. पाऊस लागला आणि सगळं बिनसलं. दिवसा आर्द्रता ७८, रात्री दहाला दिवे बंद झाले की तासाभरात ९२. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, भाजल्यासारख्या. बेसिलच्या पानांखाली करडी भुकटी. रॅकमागच्या भिंतीवर हात फिरवला तर ओला होतो. एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर, २४ वर. शिवाय सहा इंची एक्झॉस्ट चोवीस तास चालू, तरी ही गत!

ज्यांच्याकडून खतं घेते ते म्हणाले, कॅल्शियम वाढवा. वाढवलं. कडा जळायच्या थांबल्या नाहीत, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) मात्र वर गेला. कुणी यातून गेलंय का?

---

ओली_सुकी | १२ जुलै, सकाळी ७.०५

कॅल्शियम कमी करून पूर्वीवर आणा आधी. टाकीत कॅल्शियम आहेच, ते पानाच्या टोकापर्यंत पोचत नाहीये. कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओढीवर चढतं. पानातून पाणी उडालं की मुळाकडून वर ओढ लागते. हवाच भरलेली असेल तर पाणी उडणार कुठे? आणि आतली कोवळी पानं एकमेकांत मिटलेली, तिथे तर वारा शिरतच नाही. त्यामुळे बाहेरची पानं ठणठणीत आणि आतल्यांच्या कडा जळक्या.

उपाय : रॅकच्या प्रत्येक मजल्यावर लहान पंखा, आडवा झोत. पानं थरथरली पाहिजेत, फडफडली नाही पाहिजेत.

---

प्रश्नचिन्ह | १२ जुलै, सकाळी ९.३०

कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ओल शोषणारे. कपाटात ठेवतात ते. पाच-सहा ठेवून बघा, स्वस्तात काम.

---

मांजलपूरकर | १२ जुलै, सकाळी ९.५२

प्रश्नचिन्ह, ते डबे शालूच्या कपाटासाठी. तीनशे रोपांपुढे सहा डबे म्हणजे विश्वामित्रीला पूर आल्यावर दाराशी पोतेरं टाकण्यासारखं. आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये ते पण करून बघितलंय.

---

एसीकाका | १२ जुलै, दुपारी २.१५

धागा वाचला. तीस वर्षं एसी आणि कोल्ड रूमची कामं केली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या खोलीत रोग एक आणि औषध भलतंच चाललंय.

पहिलं, तो एक्झॉस्ट आत्ताच्या आत्ता बंद करा.

हिशेब बघा. बडोद्यात जुलैच्या रात्री बाहेर २७ डिग्री आणि ९० टक्के असणं काही विशेष नाही. त्या हवेत घनमीटरला साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. तुम्हाला खोलीत हवं २४ डिग्री, ६५ टक्के, म्हणजे १४ ग्रॅम. आत येणारा प्रत्येक घनमीटर ९ ग्रॅम पाणी जास्तीचं घेऊन येतो. सहा इंची पंखा तासाला ४०० घनमीटर धरा. चार नव्वे छत्तीस : तासाला ३६०० ग्रॅम, म्हणजे साडेतीन लिटरच्या वर. एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो हे खरं, पण तितकीच हवा दाराच्या फटीतून, खिडकीच्या तावदानातून आत येते. तुम्ही चोवीस तास पावसाळा विकत घेताय आणि एसीला म्हणताय, कोरडं कर.

दुसरं, रात्री ९२ का होतं. दिवे चालू असताना खोली २७ ला आणि आर्द्रता ७० असेल तर हवेत १८ ग्रॅम पाणी. दिवे गेले, खोली २२ वर आली. पाण्याचा थेंबही वाढला नाही, तरी आकडा ९३ होतो, कारण गार हवा कमी पाणी धरते. खोलीत कुणी पाणी ओतलं नाही, भांडं लहान झालं.

तिसरं, इन्व्हर्टर एसी. दिवे बंद झाले की खोलीत उष्णताच नाही, मग तो अगदी हळू चालतो. कॉइल, म्हणजे आतल्या गार नळ्या, पुरेशी गार होत नाही, पाणी टिपत नाही. कॉम्प्रेसर थांबला आणि ब्लोअर चालूच राहिला तर कॉइलवर जमलेलं पाणी परत खोलीत. गार पण दमट, तळघरासारखं. ब्लोअर सगळ्यात कमी वेगावर ठेवा आणि रात्री ड्राय मोड लावून बघा. थोडा फरक पडेल, पण तेवढ्याने भागणार नाही.

---

सुरसागरकाठी | १२ जुलै, रात्री ८.२०

काका, वाचून घाम फुटला (आणि तो पण उडत नाहीये). एक्झॉस्ट बंद केला. एक शंका, मार्चमध्ये याच एक्झॉस्टने खोली छान राहायची, ते कसं?

---

एसीकाका | १२ जुलै, रात्री ९.०१

कारण तेव्हा बाहेरची हवा कोरडी होती. जानेवारीच्या रात्री बाहेर १४ डिग्री, ६० टक्के असेल तर घनमीटरला सात ग्रॅम फक्त. ती हवा आत घेतली की फुकटचा डिह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं मशीन). पंखा तोच, ऋतू बदलला. आत-बाहेर दोन्हीकडे मापक लावा. टक्के बघू नका, तापमान आणि टक्के मिळून किती ग्रॅम होतात ते बघा. बाहेर कमी असेल तेव्हाच उघडा.

---

इंदुरी_जिरावन | १३ जुलै, सकाळी ८.४४

आमच्या इंदूरला अर्ध्या वर्षाचं दुखणं याच्या उलट आहे. एप्रिल-मे मध्ये खोलीत २५-३० टक्के, पानं सुकून कागद. मी डेझर्ट कूलर लावतो तेव्हा. एका मित्राने कौतुकाने तोच कूलर पावसाळ्यात पण चालू ठेवला, आठ दिवसांत पालकाची भाजी न करताच पातळभाजी झाली. बडोदेवाल्यांनी कूलरला हातसुद्धा लावू नये सप्टेंबर संपेपर्यंत.

---

नाशिकची_द्राक्षं | १३ जुलै, सकाळी १०.१०

बेसिलच्या पानाखाली करडी भुकटी आणि पानावर शिरांच्या मधे पिवळे पट्टे, असं असेल तर तो केवडा, भुरी नव्हे (दोन्ही पानांचे रोग). भुरी पानाच्या वर पांढरी, पिठासारखी, आणि तिला पान ओलं असावं लागतच नाही. केवड्याला पानावर पाणी बसलेलं लागतं, काही तास पुरतात. दोघांचा उपाय वेगळा. आमच्याकडे द्राक्षवाले याच भाषेत बोलतात. फोटो टाका.

लागण झालेली झाडं खोलीत झटकू नका. पिशवी वरून घाला, तोंड बांधा, मग उपटा. ती भुकटी म्हणजेच बीजाणू, पंख्याच्या वाऱ्यावर सगळ्या खोलीत जातील. आणि खायचं पान आहे, परवा कापायचं आहे, तर त्यावर काही फवारायच्या भानगडीत पडू नका.

---

सुरसागरकाठी | १३ जुलै, दुपारी १.३०

केवडाच आहे. सगळी बेसिल काढली, बेचाळीस रोपं. कॅफेवाल्यांना फोन करून महिनाभर नाही म्हटलं. असो.

---

कोठीवरचा | १४ जुलै, सकाळी ११.२५

सगळे आकडे बोलताहेत, पण मापकावर कुणी शंका घेतली का? त्या दोनशे-तीनशे रुपयांच्या डिजिटल डब्या आठ-दहा टक्के सहज चुकतात. मिठाची चाचणी करा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, पाणी इतकंच की ओल्या वाळूसारखं होईल, विरघळायला नको. बूच आणि मापक दोन्ही काचेच्या बरणीत घालून घट्ट बंद. रात्रभर ठेवा. आत हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ८२ दाखवत असेल तर तो सात जास्त दाखवतो, चिठ्ठी लावून टाका.

गंमत म्हणजे हेच मीठ प्रत्येक घरात पावसाळ्याचं मापक असतं. हवा ७५ च्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, खाली आली की परत कोरडं. आजी मिठात तांदळाचे दाणे टाकायची ते उगाच नाही.

मापक दिव्याखाली टांगू नका, एसीच्या झोतात नको. पानांच्या उंचीला, सावलीत.

---

सुरसागरकाठी | १६ जुलै, रात्री १०.५०

माझा मापक पाच जास्त दाखवतो. म्हणजे ९२ नव्हे, ८७. दु:खात सुख.

एक्झॉस्ट बंद, खिडकीच्या फटींना रबरी पट्टी, दाराखाली ब्रश, रॅकवर सहा छोटे पंखे. आता दिवसा ७०, रात्री ८१ (दुरुस्त केलेले आकडे). भिंत अजून ओली.

---

ओली_सुकी | १७ जुलै, सकाळी ६.५५

पाइपांची रिकामी भोकं झाकली आहेत का? टाकीला झाकण? उघडं पाणी दिसेल तिथे झाकण हवंच, शेवाळ वाचतं ते वेगळं.

---

एसीकाका | १७ जुलै, दुपारी १२.३०

चांगली प्रगती. जुन्या घराच्या चुन्याच्या भिंती पाणी पितात आणि हळूहळू परत देतात, त्यामुळे भिंत सुकायला आठवडे लागतील. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून वारा खेळला पाहिजे.

आता खरी गोष्ट. किती लिटरचं डिह्युमिडिफायर मशीन घ्यावं हे दुकानदार खोलीच्या चौरस फुटांवरून सांगेल. ऐकू नका. तो झोपायच्या खोलीचा हिशेब आहे, तिथे तीनशे झाडं श्वास सोडत नसतात. झाड मुळातून जे पाणी घेतं त्यातलं जेमतेम एक-दोन टक्के स्वतःजवळ ठेवतं, बाकी सगळं पानातून हवेत सोडतं. म्हणजे टाकीत रोज किती पाणी भरावं लागतं, तेवढंच पाणी रोज खोलीतून बाहेर काढायचं आहे. सात दिवस लिहून ठेवा, मापाच्या जगने.

---

सुरसागरकाठी | २५ जुलै, रात्री ९.१५

लिहिलं. रोजची भर : १०, ११, ११, १२, १०, ११, ११ लिटर. बेसिल गेल्यावरचे हे आकडे आहेत!

मी पंप आणि गळती तपासत बसले होते इतके दिवस. सगळं पाणी लेट्यूस पिऊन सोडत होतं.

---

मांजलपूरकर | २५ जुलै, रात्री ९.४०

म्हणजे महिन्याला तीनशे लिटरच्या वर. हवेला एवढं पाणी प्यायला दिलंत तर भिंती ओल्या होणारच हो ताई.

---

प्रश्नचिन्ह | २६ जुलै, सकाळी १०.००

मग १२ लिटरचं मशीन पुरेल. माझे डबे मागे घेतो.

---

एसीकाका | २६ जुलै, सकाळी ११.२०

इथेच लोक फसतात. खोक्यावर '१२ लिटर' लिहिलेलं असतं ते साधारण ३० डिग्री आणि ८० टक्क्यांना मोजलेलं असतं. तुमच्या २४-२५ डिग्री आणि ६०-६५ टक्क्यांच्या हवेत त्याच्या निम्म्याच्या आसपास निघेल. २५ लिटरचं घ्या, १२-१३ मिळतील. आणि ड्रेनची नळी जोडता येते ना ते बघून घ्या, नाहीतर मध्यरात्री बादली भरली की मशीन गप्प बसतं.

अजून एक : हे मशीन खोली गरम करतं. पानांनी पाण्याची वाफ करताना जी उष्णता गिळली, ती वाफेचं पाणी होताना मशीन परत ओकतं. लिटरमागे पाऊण युनिटच्या जवळपास. वर स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता. एसीचं काम वाढणार, ते धरून चाला. पण रात्री त्याचा फायदाच आहे, खोली २२ वर पडणार नाही आणि एसी नीट चालेल.

---

वॅट_काय_सांगू | २६ जुलै, दुपारी ४.१०

सगळ्यांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड राहिला. बाहेर तो ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) आसपास असतो. खोली पार बंद केलीत तर दिवे चालू असताना झाडं तो खाऊन फार खाली नेतात, मग वाढ मंदावते. आर्द्रता परफेक्ट आणि लेट्यूस ठेंगणं.

---

एसीकाका | २६ जुलै, सायं. ५.०५

मुद्दा बरोबर, राहिलाच होता. टायमर लावा. खोली ३४ घनमीटरची आहे. तोच एक्झॉस्ट दिवे चालू असताना तासाला पाच मिनिटं चालवला की एकदा खोलीभर हवा बदलते. त्याची किंमत पाव किलो ते तीनशे ग्रॅम पाणी. सोळा तासांचे पाच लिटर. चोवीस तास चालवून पडायचे ऐंशीच्या वर.

---

सुरसागरकाठी | २६ जुलै, रात्री ११.१०

म्हणजे ११ अधिक ५, सोळा. मग २५ वालं पण कमीच?

---

एसीकाका | २७ जुलै, सकाळी ७.४५

एसी पण टिपतो ना. दिवसा दिवे चालू असतात तेव्हा एसी जोरात चालतो, नळीतून पाणी किती येतं ते एकदा बादली लावून मोजा. मशीन रात्रीसाठी.

---

ओली_सुकी | २७ जुलै, सकाळी ८.२०

आणि सगळे दिवे एकाच वेळी का बंद करता? दोन रॅक आहेत. पहिल्याला संध्याकाळी ६ ते सकाळी १०, दुसऱ्याला सकाळी ६ ते रात्री १०. दोघांना सोळा-सोळा तास मिळतात, पण खोली कधीच पूर्ण अंधारी आणि गार होत नाही. ती रात्रीची आर्द्रतेची उसळी निम्म्याहून कमी होते. पैसे शून्य, टायमरचं बटण फिरवायचं फक्त. मधे काळं-पांढरं प्लास्टिक लावा, पण वर-खाली हातभर मोकळं सोडा, वारा अडायला नको.

मला काकांचं सगळं पटतं, पण हे काम मशीन घ्यायच्या आधी करायचं असतं.

---

एसीकाका | २७ जुलै, सकाळी ८.३१

मान्य. मशीनवाल्याला आधी मशीनच सुचतं.

---

व्हीपीडी_भक्त | २७ जुलै, दुपारी ३.००

तुम्ही लोक अजून टक्केच मोजताय. व्हीपीडी मोजा, म्हणजे हवेत बाष्पाला अजून किती जागा उरलीय ते. २४ डिग्रीला हवा १०० टक्के भरली तर बाष्पाचा दाब २.९८ किलोपास्कल. ६५ टक्क्यांना उरलेली जागा १.०४, नव्वदला फक्त ०.३०. लेट्यूसला ०.८ ते १ च्या आसपास ठेवा, बाकी काही बघू नका.

---

कोठीवरचा | २७ जुलै, दुपारी ३.४०

भक्त, तत्त्व बरोबर, पण ज्या खोलीत तापमान २४-२६ मध्येच राहतं तिथे ६०-७० टक्के पाळले की तुमचा आकडा आपोआप जागेवर येतो. रोज सकाळी सहाला चहाआधी किलोपास्कल कोण काढणार?

---

सुरसागरकाठी | १९ ऑगस्ट, रात्री १०.३०

उशीर झाला, माफ करा. मधे वीज दोनदा दीर्घ गेली, एकदा सहा तास. इन्व्हर्टरवर पंप आणि रॅकचे पंखे तेवढे ठेवले, बाकी बंद. झाडं वाचली.

दिव्यांची वेळ ओली_सुकी म्हणाल्या तशी फिरवली : रात्रीचा कळस ८१ वरून ७४. मग २५ लिटरचं मशीन आणलं. आता ६२ ते ६७. पहिल्या रात्री खोली २८ वर गेली, मी घाबरले. एसी २३ वर केला, आता २५ ला स्थिर आहे. मशीनच्या नळीला बादली लावली : चोवीस तासांत साडेनऊ लिटर. एसीच्या नळीला साडेसहा. बेरीज सोळा. टाकीत भरलेले अकरा आणि एक्झॉस्टने आणलेले पाच. मी ती बेरीज तीनदा केली, नवऱ्याला उठवून दाखवली.

नव्या लेट्यूसच्या बॅचमध्ये तीस गड्ड्यांत दोनांच्या कडा जळक्या. आधी निम्मे जायचे.

हे सोळा लिटर पाणी परत टाकीत घालू का? आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) नऊशे आहे, हे पाणी वीस दाखवतंय.

---

नाशिकची_द्राक्षं | २० ऑगस्ट, सकाळी ९.००

टीडीएस कमी म्हणजे स्वच्छ असं नाही. कॉइल तांब्या-ॲल्युमिनियमची, तिच्यावर धूळ आणि चिकटा बसलेला. तांबं पाण्यात थोडंही जास्त झालं तर मुळांना भोवतं. एकदा पाणी तपासून घ्या, तोवर कुंड्यांना, जास्वंदीला, फरशीला वापरा.

टाकीच्या पाण्याचं तापमान पण लिहा एकदा. २५ च्या वर गेलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मूळकूज येते. हवा सुधारली आणि मुळं गेली असं नको.

---

सुरसागरकाठी | २० ऑगस्ट, दुपारी १२.१५

टाकी २६. मशीनच्या गरम झोतासमोरच होती, मी हलवते आजच.

---

सुरसागरकाठी | २ ऑक्टोबर, सायं. ७.००

टाकी आता २३ वर. बेसिल परत लावली, पंधरा रोपंच, रोज पान उलटून बघते. परवापासून रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी येऊ लागली, पहाटे चार ते सहा मशीन बंद आणि एक्झॉस्ट चालू. विजेचं बिल पावसाळ्यात चांगलंच वाढलं. एक बॅच कुजून जाण्यापेक्षा परवडतं, पण भाजीचा भाव दहा रुपयांनी वाढवावा लागला. कॅफेवाले कुरकुरले, घरची मंडळी काही बोलली नाहीत.

अवांतर : सासूबाईंनी काल पापडांचे दोन डबे वर आणून रॅकखाली ठेवले. म्हणाल्या, सगळ्या घरात कोरडी खोली आता हीच एक उरलीय.

---

एसीकाका | २ ऑक्टोबर, सायं. ७.२२

डबे मशीनच्या जाळीसमोर ठेवू नका, हवा अडते. आणि जाळी पंधरा दिवसांनी धुवा.